पंधरापट देऊनही हरलेली बोली : अ‍ॅमेझॉनचे दुसरे मुख्यालय आणि कोल्हापूरची फाईल

पोटोमॅक नदीच्या एका अंगाला मेरीलँडमधली माँटगोमेरी काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग), दुसऱ्या अंगाला व्हर्जिनियातली आर्लिंग्टन, आणि मध्ये वॉशिंग्टन. दोन्हीकडची माणसे एकाच मेट्रोने कामाला जातात आणि त्याच कंपन्यांत नोकऱ्या शोधतात. २०१८ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या दुसऱ्या मुख्यालयासाठी मेरीलँडने ८५० कोटी डॉलरचे ताट वाढले होते. त्यात करसवलती होत्या, रस्ते आणि रेल्वेची कामेही होती. आर्लिंग्टनसाठी व्हर्जिनियाने कंपनीला थेट देऊ केलेली रक्कम होती ५७.३ कोटी डॉलर. कंपनी आर्लिंग्टनला गेली.

कोल्हापुरात आयटी पार्कचा विषय निघाला की चर्चा दोन प्रश्नांपाशी येऊन थांबते. जागा कुठली, शेंडा पार्कची की गोकुळ शिरगावची? आणि सवलत किती? अ‍ॅमेझॉनच्या प्रकरणात या दोन्ही प्रश्नांचा क्रमांक बराच खाली होता. वर काय होते, ते या प्रकरणातून नीट कळते. कोल्हापूरसारख्या शहराने बोली लावायची झाली तर तिच्यात काय घालावे हेही त्यातूनच निघते. आमचे म्हणणे एकच आहे : बोली हरलो तरी गावात जे उरेल, तेच बोलीत घालायचे.

मागणीपत्रकातली चाळण

अ‍ॅमेझॉनने ७ सप्टेंबर २०१७ रोजी शहरांकडून प्रस्ताव मागवणारे जाहीर मागणीपत्रक काढले. ५०,००० नोकऱ्या, ५०० कोटी डॉलरहून अधिक गुंतवणूक, सरासरी वार्षिक मोबदला एक लाख डॉलरच्या वर. अटी मोजक्या आणि मोजता येण्याजोग्या होत्या. महानगर परिसराची लोकसंख्या १० लाखांहून जास्त हवी. आंतरराष्ट्रीय विमानतळ ४५ मिनिटांच्या आत हवा. मुख्य महामार्ग एक-दोन मैलांवर, सार्वजनिक वाहतूक जागेच्या दारात. पहिल्या टप्प्याला किमान ५ लाख चौरस फूट जागा, आणि तीही २०१९ मध्ये वापरता येईल अशी. पुढे एकूण ८० लाख चौरस फुटांपर्यंत वाढ. उत्तर देण्याची मुदत १९ ऑक्टोबर, म्हणजे सहा आठवडे.

सहा आठवड्यांत कुठलेही शहर नवा विमानतळ बांधत नाही की नवे अभियंते घडवत नाही. जे आधीपासून आहे ते मांडायलाच ही मुदत पुरते. त्यामुळे या स्पर्धेचा बराचसा निकाल मागणीपत्रक निघण्याच्या दहा-वीस वर्षे आधी लागलेला होता.

कोल्हापूर या चाळणीत टिकले असते का? नाही. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५,४९,२३६ होती. उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ पासून आहे, मार्च २०२४ मध्ये त्याला नवी टर्मिनल इमारतही मिळाली, पण सेवा देशांतर्गत आहे. हे मान्य केले की पुढचा विचार सोपा होतो. कोल्हापूरने मुख्यालयाची स्वप्ने विकू नयेत. ३०० ते १,००० आसनांचे, म्हणजे तितकी माणसे बसून काम करतील असे केंद्र इथे येऊ शकते, आणि त्यासाठीची चाळण वेगळी आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

२३८ अर्ज

मुदतीत २३८ प्रस्ताव आले. ॲरिझोनातल्या टुसॉनहून २१ फुटी निवडुंग सिॲटलला रवाना झाला. कंपनीने तो ॲरिझोनातल्याच वाळवंट संग्रहालयाला देऊन टाकला. जॉर्जियातल्या स्टोनक्रेस्टने ३४५ एकर वेगळे काढून तिथे ‘अ‍ॅमेझॉन’ नावाचे शहर वसवायची तयारी दाखवली. न्यू जर्सीने न्यूअर्कसाठी ७०० कोटी डॉलर पुढे केले. ५०,००० नोकऱ्यांनी भागले तर नोकरीमागे १ लाख ४० हजार डॉलर होतात. दुसरीकडे टोरांटोने खास सवलत देणार नाही असे सांगून प्रस्ताव पाठवला, आणि जानेवारी २०१८ मध्ये निवडलेल्या २० नावांत तो होता. सॅन अँटोनिओने तर आधीच अंग काढून घेतले.

या टप्प्यात शहरांचे जे नुकसान झाले त्याची चर्चा कमी होते. प्रत्येक शहराने आपल्या मोकळ्या जागा, भाड्याचे दर, पदवीधरांचे आकडे, नियोजित रस्ते आणि सवलतीची कमाल मर्यादा लिहून कंपनीच्या हातात दिली. कंपनीने देशभर गोदामे, डेटा सेंटर, छोटी कार्यालये टाकण्यासाठी लागणारा नकाशा असा आयता जमा झाला. निवडल्या गेलेल्या शहरांकडून गोपनीयतेचे करार करून घेतले होते, म्हणजे कंपनीला सगळ्यांचे पत्ते दिसत होते आणि शहरांना एकमेकांचे नाही. दिवाणखान्यात सोयरिकीची बोलणी करताना एका बाजूने घरची कपाटे उघडावीत आणि दुसऱ्याने आडनावही सांगू नये, तसा हा व्यवहार.

म्हणून पहिल्या उत्तरात सवलतीचा आकडा लिहू नये. पहिल्या उत्तरात फक्त जाहीर असलेली माहिती, नीट मांडलेली. आकडा तेव्हाच, जेव्हा समोरून कंपनीचे नाव, पदांचे प्रकार, पगाराचे टप्पे आणि वर्षवार भरती लेखी आलेली असेल.

आर्लिंग्टनकडे आधीच काय होते

१३ नोव्हेंबर २०१८ रोजी निकाल आला. मुख्यालय दोन ठिकाणी विभागले गेले, न्यूयॉर्कचे लाँग आयलंड सिटी आणि आर्लिंग्टनचे क्रिस्टल सिटी. प्रत्येकी २५,००० नोकऱ्या. नॅशव्हिलला ५,००० नोकऱ्यांचे वेगळे केंद्र.

क्रिस्टल सिटीत पूर्वी अमेरिकी संरक्षण खात्याच्या कचेऱ्या होत्या. २००५ च्या फेररचनेनंतर त्या हलू लागल्या आणि इमारती रिकाम्या पडल्या. त्यातला मोठा हिस्सा एकाच मालमत्ता कंपनीकडे होता. म्हणजे पहिल्या टप्प्यासाठी लागणारी पाच लाख चौरस फूट जागा उभी होती, दारात मेट्रो होती, विमानतळ चालत जाण्याच्या अंतरावर होता, आणि करार करायला एकच मालक होता. शेजारच्या अलेक्झांड्रिया शहराशी भांडत बसण्याऐवजी दोघांनी मिळून जागेला ‘नॅशनल लँडिंग’ असे एक नाव दिले आणि एकच प्रस्ताव मांडला.

आता पैसा. व्हर्जिनियाच्या ५७.३ कोटींतले ५५ कोटी राज्याचे. हिशेब नोकरीमागे २२,००० डॉलर, तेव्हाच्या दराने पंधरा-सोळा लाख रुपये. पदे निर्माण झाली, ठरलेली सरासरी वेतनपातळी गाठली, तरच पैसे, आणि तेही काही वर्षांनी. उरलेले २.३ कोटी काउंटीचे होते, आणि ते हॉटेलांवरच्या कराच्या वाढीव उत्पन्नातून द्यायचे होते. म्हणजे मुख्यालयामुळे हॉटेले भरली नाहीत तर काउंटीच्या खिशातून काही जात नाही. काउंटीची जुनी मिळकत अबाधित राहील असे हे कलम कुणीतरी फार विचार करून लिहिले आहे.

राज्याने मोठा खर्च वेगळ्याच ठिकाणी मांडला होता. वाहतुकीसाठी १९.५ कोटी डॉलर, त्यात मेट्रो स्थानकांची कामे. व्हर्जिनिया टेकचा अलेक्झांड्रियात १०० कोटी डॉलरचा नवा परिसर. पुढच्या वर्षी राज्यातल्या ११ विद्यापीठांशी करार करून २० वर्षांत संगणकशास्त्राचे ३१,००० जादा पदवीधर घडवण्याचा कार्यक्रम. हे पैसे अ‍ॅमेझॉनच्या हातात जात नाहीत. उद्या कंपनी गेली तरी स्थानक राहते, विद्यापीठ राहते, पदवीधर राहतात.

कंपनीने पूर्ण आकडा गाठला का? पहिला टप्पा जून २०२३ मध्ये उघडला, तोवर तिथे सुमारे ८,००० माणसे होती. दुसऱ्या टप्प्याचे बांधकाम त्याच वर्षी मार्चमध्ये थांबवल्याचे कंपनीने जाहीर केले होते. महासाथीनंतर घरून काम वाढले, तंत्रज्ञान कंपन्यांत कपात झाली, आणि २०१८ चे गणित हलले. व्हर्जिनियाने पदांवर पैसे बांधले होते, त्यामुळे न भरलेल्या पदांचा बोजा राज्यावर पडला नाही. विस्कॉन्सिनमध्ये काय झाले ते शेजारी ठेवून पाहावे. तिथे २०१७ मध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणाऱ्या फॉक्सकॉनने १,००० कोटी डॉलर आणि १३,००० नोकऱ्या जाहीर केल्या, राज्याने सुमारे ३०० कोटींच्या सवलती कबूल केल्या. २०२१ मध्ये करार बदलून तो १,४५४ नोकऱ्यांवर आणि ८ कोटी डॉलरच्या सवलतीवर आला. राज्याची सवलत वाचली, कारण तीही कामगिरीशी बांधलेली होती. पण स्थानिक गावाने जमीन संपादन, रस्ते आणि पाण्याच्या वाहिन्यांवर आधीच खर्च केला होता. तो खर्च कामगिरीवर नव्हता, तो कर्ज काढून आगाऊ झालेला होता. धोका नेहमी अशा ठिकाणी, करारातल्या सर्वांत लहान पक्षाच्या गळ्यात पडतो.

न्यूयॉर्क : करार झाला, घर राजी नव्हते

न्यूयॉर्कने राज्यपातळीवर १५२.५ कोटी डॉलर देऊ केले. १२० कोटींची करसवलत, म्हणजे नोकरीमागे ४८,००० डॉलर, आणि ३२.५ कोटींचे रोख अनुदान. शहराच्या प्रचलित सवलती धरून बेरीज ३०० कोटींच्या आसपास गेली. बोलणी बंद दाराआड झाली. जमीनवापर बदलाची जी नेहमीची वाट शहराच्या कौन्सिलमधून जाते, ती टाळून राज्याच्या विशेष योजनेखाली मंजुरी घ्यायचे ठरले. करारात हेलिपॅडला मदत करण्याचे कलम निघाले, तेव्हा भाडेवाढीला घाबरलेल्या वस्त्यांत संताप झाला. मतचाचण्यांत बहुसंख्य न्यूयॉर्ककर प्रकल्पाच्या बाजूने होते, हे विसरू नये. तरी नकाराधिकार असलेल्या राज्य मंडळावर विरोधक सेनेटरचे नाव सुचवले गेले, आणि १४ फेब्रुवारी २०१९ रोजी कंपनीने माघार घेतली. घोषणेला तीन महिने नुकतेच झाले होते.

कोल्हापूरकरांना हे नवीन वाटू नये. शहरातले सुमारे ५० किलोमीटर रस्ते, २२० कोटींचा प्रकल्प, त्यापोटी ३० वर्षांचा टोल. कागदावर करार पक्का होता. रस्ता वापरणाऱ्याला मात्र तो टोलनाका उभा राहिल्यावर कळला. सर्वपक्षीय कृती समिती उभी राहिली, मोर्चे निघाले, आणि २०१६ च्या सुरुवातीला टोल कायमचा रद्द होऊन रस्ते बांधणाऱ्या कंपनीचे पैसे भागवायची वेळ सरकारवर आली. या शहरात सहीच्या आधी माणसे विचारात घेतली नाहीत तर सही टिकत नाही. गुंतवणूकदाराचा सल्लागार जुनी वर्तमानपत्रे वाचतोच, त्यामुळे हा इतिहास बोलीच्या फाईलमध्ये लपवू नये. उलट लोकांशी बोलणे केव्हा आणि कसे होईल याचे वेळापत्रक जोडावे : जागा ज्या गावच्या हद्दीत आहे तिथली ग्रामसभा, महापालिकेतली चर्चा, सवलतीचा मसुदा ३० दिवस लोकांसमोर.

न्यूयॉर्कची पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. डिसेंबर २०१९ मध्ये अ‍ॅमेझॉनने मॅनहॅटनमध्ये १,५०० माणसांसाठी जागा भाड्याने घेतली, खास सवलतीशिवाय. नंतर तिथेच एक जुनी डिपार्टमेंट स्टोअरची इमारत विकत घेतली. ज्या माणसांसाठी कंपनी येणार होती ती माणसे न्यूयॉर्कमध्येच होती, म्हणून कंपनी आलीच.

इथे पैसे कोण देतो

अमेरिकेतल्या काउंटीच्या हातात मालमत्ता कर, हॉटेल कर, रोखे असतात. आपल्याकडे जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेली, २०१७ मध्ये जीएसटी आला. कोल्हापूर महापालिकेच्या हातात उरला घरफाळा, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानगी. मोठी सवलत राज्याची : उद्योगांसाठीची सामूहिक प्रोत्साहन योजना, २०२३ चे माहिती तंत्रज्ञान धोरण. मुद्रांक शुल्क, वीज शुल्क, असे त्यातले घटक राज्यभर लागू असतात. म्हणजे मिळणारी सवलत सांगली, सोलापूर, कोल्हापूर सगळीकडे जवळपास तीच. तिच्या जोरावर कोल्हापूर नाशिकला हरवू शकत नाही.

आंध्र प्रदेशाने २०२५ मध्ये विशाखापट्टणममध्ये टीसीएसला २१.१६ एकर जमीन ९९ पैशांत दिली, १२,००० नोकऱ्यांच्या बोलीवर. हा राज्य सरकारचा निर्णय आहे. कुठल्याही महापालिकेला असा खेळ परवडत नाही, आणि खेळूही नये. हैदराबादचा दाखला देताना लोक अ‍ॅमेझॉनचा २०१९ चा भला मोठा परिसर दाखवतात, पण त्याआधी १९९८ चे सायबर टॉवर्स आहे, म्हणजे दोन दशकांची तयारी. हिंजवडीत उलटे झाले. कंपन्या आधी आल्या आणि मेट्रोचे काम कितीतरी नंतर सुरू झाले. तिथली सकाळची कोंडी ही त्या क्रमाची किंमत आहे.

कोल्हापूरचा स्वतःचा जुना धडा क्रमाच्या बाबतीत चांगला आहे. १८९१ मध्ये रेल्वे आली. त्यानंतर १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवली, व्यापाऱ्यांना जागा दिल्या आणि गुळाची पेठ उभी राहिली. रूळ आधी, पेठ मागून.

कोल्हापूरची बोली कशी मांडायची

समजा, अभियांत्रिकी सॉफ्टवेअरचे काम करणारी एक कंपनी तीन वर्षांत १,००० आसनांचे केंद्र शोधते आहे. हे उदाहरण हिशेबासाठी घेतले आहे.

आसनामागे १०० चौरस फूट धरले तर १ लाख चौरस फूट. वीज साधारण ८०० किलोवॅट ते १ मेगावॅट. पाणी, कार्यालयासाठी माणशी रोज ४५ लिटरच्या मानकाने, ४५,००० लिटर. यातले काहीही कोल्हापूरला जड नाही. जड आहे ती पहिली ३०,००० चौरस फूट. कंपनीला पहिल्या दिवशी भूखंड नको असतो. तयार मजला हवा असतो, ज्यात तीन महिन्यांत माणसे बसतील. आर्लिंग्टनकडे रिकाम्या इमारती होत्या हे इथे आठवावे. आपण वर्षानुवर्षे एकरांची चर्चा करतो, आणि ‘एका मजल्यावर सलग किती जागा आज तयार आहे’ या प्रश्नाला लेखी उत्तर नसते. १,२०० चौरस फुटांचे गाळे जोडून ते उत्तर तयार होत नाही. आगीचा दाखला, दोन जिने, सामानाची लिफ्ट, जनित्राला जागा, हे सगळे एका मजल्याला लागते. सवलतीसाठी ठेवलेला पैसा असेल तर तो असा एक मजला बांधण्यात घालावा. एक कंपनी आली नाही तर दुसरी भाड्याने घेईल, तीही नाही तर गावातल्याच चार छोट्या कंपन्या एकत्र बसतील.

दुसरा जड भाग माणसांचा. पहिल्या वर्षाअखेर ३००, दुसऱ्याच्या ६५०, तिसऱ्याच्या १,००० माणसे हवीत आणि वर्षाला १५ टक्के सोडून जातात असे धरा. मग प्रत्यक्ष भरती अनुक्रमे सुमारे ३२०, ४२० आणि ४७५ होते, एकूण बाराशेच्या वर. नवे पदवीधर मिळणे अवघड नाही : १९६२ चे शिवाजी विद्यापीठ, गोकुळ शिरगावचे केआयटी, कसबा बावड्याचे डी. वाय. पाटील अभियांत्रिकी, इचलकरंजीचे डीकेटीई, सांगलीचे १९४७ पासूनचे वालचंद. अडते ते पहिल्या तीस ज्येष्ठांपाशी. १०-१५ वर्षे अनुभव असलेले तीस लोक मिळाले नाहीत तर खालचे तीनशे कुणाच्या हाताखाली बसणार? हे तीस लोक आज पुण्यात आणि बेंगळुरूत आहेत, आणि त्यातल्या कितींची घरे इथल्या पेठांत किंवा आसपासच्या गावांत आहेत हे कॉलेजांच्या माजी विद्यार्थ्यांच्या नोंदींतून काढता येते. संमती घेऊन यादी करा : कामाचे क्षेत्र, अनुभवाची वर्षे, परतायची तयारी, जोडीदाराच्या नोकरीची गरज. शेवटचा रकाना कुणी भरून घेत नाही आणि परतीचा निर्णय बहुतेक वेळा त्यावरच अडतो. अशी तपासलेली दोनशे नावांची यादी पाच एकर फुकट जमिनीपेक्षा जास्त बोलते.

तिसरी गोष्ट, कोल्हापूरच का? बेंगळुरूत मिळत नाही असे इथे काय आहे? ओतकाम आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले इथल्या फाउंड्र्या आणि यंत्रशाळा, शिवाजी उद्यमनगरातली पिढ्यान्‌पिढ्यांची कारागिरी. कास्टिंगचे सिम्युलेशन (ओतकामाची संगणकावरची नक्कल), सीएनसी म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रांचे प्रोग्रॅमिंग, यंत्रांवरच्या सेन्सरची माहिती गोळा करून दोष पकडणे, अशी कामे करणाऱ्या चमूला स्क्रीनवरचे उत्तर त्याच दुपारी भट्टीजवळ तपासता येते. साच्यात धातू कुठे आकसला आणि पोकळी का राहिली, हे दाखवणारा माणूस वीस मिनिटांवर असतो. हा फायदा कुठल्याही धोरणाने विकत मिळत नाही. सर्वसाधारण सॉफ्टवेअरच्या केंद्रासाठी कोल्हापूर अनेकांतले एक आहे. या कामासाठी ते थोड्यांतले एक आहे. तमिळनाडूतल्या तेनकासीजवळच्या खेड्यात झोहो या सॉफ्टवेअर कंपनीने केंद्र उभे केले ते स्थानिक मुलांना स्वतः शिकवून. लहान गावाला यश येते ते अशा नेमक्या जुळणीतून.

पुराचे पान

फाईलमधले सर्वांत महत्त्वाचे पान पुराचे असावे, आणि ते आपणहून पहिल्या दहा पानांत द्यावे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले, शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद पडला. उपसा केंद्रे पाण्यात गेल्याने शहरातले नळ कोरडे झाले. हे लपवले तर समोरचा सल्लागार दहा मिनिटांत शोधतो, आणि मग फाईलमधल्या बाकीच्या आकड्यांवरचा विश्वासही जातो.

पानावर काय असावे? प्रत्येक जागेचा गट क्रमांक, सातबारा, बिगरशेती स्थिती, आणि निळ्या व लाल पूररेषेपासूनचे (मोठ्या पुराच्या आणि क्वचित येणाऱ्या महापुराच्या हद्दीपासूनचे) अंतर. त्या जागेपासून विमानतळ, विद्यापीठ आणि राजारामपुरीपर्यंतचे असे रस्ते, जे २०१९ आणि २०२१ मध्ये उघडे होते. दक्षिणेकडच्या गोकुळ शिरगाव-उजळाईवाडी पट्ट्याचे बलस्थान इथे दिसते : नदी ओलांडावी लागत नाही. वीज दोन वेगवेगळ्या उपकेंद्रांवरून येते का, आणि त्यातले एखादे पूरक्षेत्रात आहे का. दोन कंपन्यांच्या फायबर वाहिन्या एकाच पुलावरून जात असतील तर ती कागदावरच दुहेरी आहे. पूल बंद पडला की दोन्ही जातात. पाण्यासाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये पोहोचलेल्या काळम्मावाडी थेट पाईपलाईनची स्थिती, गळतीच्या नोंदींसह.

एक टेबल

जागा एमआयडीसीची, वीज महावितरणची, महामार्ग केंद्राचा, विमानतळ प्राधिकरणाचा, पूररेषा जलसंपदा विभागाची. जागा बहुधा शहराच्या हद्दीबाहेर, कारण १९७२ मध्ये महापालिका झाली तरी हद्द वाढली नाही आणि शहर व गावे या प्रश्नावर दशकानुदशके भांडत आली. चौकशीला आलेल्या माणसाने पाच-सात कचेऱ्या फिरायच्या, तर तो तिसरीनंतर पुण्याला परततो. जिल्हाधिकारी कार्यालयात एक अधिकारी, ज्याच्याकडे या सगळ्या कचेऱ्यांची लेखी उत्तरे आधीच आहेत, एवढी व्यवस्था पुरेशी आहे. शक्य असेल तर इचलकरंजी आणि सांगलीला धरून एकच प्रस्ताव करावा. नोकरी करणारा इचलकरंजीहून रोज येऊ शकतो; त्याला दोन महापालिकांतला मान-अपमान ठाऊक नसतो. एकत्र येणे इथे अशक्य नाही. उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी सहा जिल्ह्यांचे वकील वर्षानुवर्षे लढले आणि १८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झाले.

कलमे

आता शेवटी सवलत. नोकरीमागचा खर्च जाहीर आकड्याने काढू नये, पाचव्या वर्षी टिकलेल्या पदांनी काढावा. २० कोटींची सवलत १,००० पदांवर माणशी २ लाख होते. चारशेच टिकली तर ५ लाख. दोन्ही आकडे ठरावात शेजारी शेजारी छापावेत, म्हणजे सभागृहात मत देणाऱ्याला कळते की तो कशावर हात वर करतो आहे.

‘नोकरी’ची व्याख्या करारात हवी. कंपनीच्या स्वतःच्या वेतनपटावर, भविष्य निर्वाह निधीच्या मासिक चलनात दिसणारी, कामाचे ठिकाण कोल्हापूर असलेली, ठरलेल्या वेतनाहून वरची. मोजणी १२ महिन्यांच्या सरासरीने, नाहीतर मोजणीच्या महिन्यात पुण्याची माणसे इथे दाखवली जातात. घरफाळ्याची सूट द्यायचीच असेल तर ती नव्या इमारतीच्या वाढीव रकमेतून आणि उतरत्या टक्क्यांनी, पाच वर्षांत शून्यावर येणारी. जमीन टप्प्याने : पहिले चार एकर भाडेपट्ट्याने, पुढच्या जागेवर फक्त प्राधान्याचा हक्क, तोही पहिली ५०० पदे भरल्यावर. मुदतीत बांधकाम नाही तर भूखंड परत. रस्ता आणि जलवाहिनी आधी टाकून द्यावी लागत असेल तर तिचा मार्ग असा आखावा की ती वाटेवरच्या वस्त्यांनाही वापरता येईल. विस्कॉन्सिनमधल्या गावाचा खर्च नेमका इथे अडकला.

आणि फाईल कंपनीच्या नकारानंतर कपाटात जाऊ नये. वर्षातून दोनदा ती पुन्हा भरावी लागते : मे महिन्यात, पावसाच्या आधी, रस्ते, उपकेंद्रे आणि फायबरची पाने, जानेवारीत, कॉलेजांच्या नोकरभरतीचे आकडे आल्यावर, माणसांची पाने. प्रत्येक पानावर तारीख, आणि खाली ज्या कचेरीने माहिती दिली तिचा शिक्का.